फवारणीचे विमान उडवणारा वैमानिक नेमके काय करतो

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील आयोवा, इलिनॉय, नेब्रास्का या राज्यांमध्ये जुलैच्या मध्यानंतर मक्याला तुरा येऊ लागतो. तोवर पीक माणसाच्या डोक्याच्या वर गेलेले असते आणि ओळी एकमेकींत मिसळून शेत बंद झालेले असते. पानांवरील बुरशीजन्य रोगांसाठी बुरशीनाशक फवारायचे असेल, तर त्याचा खरा उपयोग तुरा येण्याच्या आणि कणसाला स्त्रीकेसर फुटण्याच्या सुमारास होतो. हा काळ थोड्याच दिवसांचा असतो आणि आसपासच्या सगळ्या शेतांत तो जवळजवळ एकाच वेळी येतो. उंच चाकांची फवारणी यंत्रे तिथे आहेत, पण ती पिकात शिरली की काही धाटे मोडतात, आणि पावसाने जमीन भिजलेली असेल तर ती शिरूच शकत नाहीत. विमानाला चिखलाची अडचण नसते आणि त्याच्या चाकाखाली एकही रोप येत नाही. म्हणूनच मोठ्या सलग शेतांच्या या प्रदेशात आकाशातून फवारणी करणे हा शंभर वर्षांपासून चालत आलेला स्वतंत्र व्यवसाय आहे.

या कामाचा वेग आकड्यांतून समजून घेणे सोपे जाते. फवारणी करताना विमान पिकाच्या शेंड्यांपासून साधारण दहा ते बारा फुटांवरून, ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने जाते. एका फेरीत साधारण २१ मीटर रुंदीचा पट्टा भिजतो. याचा हिशेब केला तर विमान एक एकर क्षेत्र तीन सेकंदांत, म्हणजे मिनिटाला जवळपास २० एकर पूर्ण करते. एकरी ११ लिटर द्रावण द्यायचे ठरले असेल, तर नोझलमधून दर मिनिटाला २२० लिटर द्रावण बाहेर पडते. १,९०० लिटरची टाकी अशा रीतीने नऊ मिनिटांच्या आत रिकामी होते. इतक्या वेगात वैमानिकाचा हात एक सेकंद उशिरा पडला, तर फवारा शेताची हद्द ओलांडून साठ मीटर पुढे गेलेला असतो. पुढे शेजाऱ्याची द्राक्षबाग असेल, ओढा असेल किंवा शाळेचे आवार असेल, तर त्या एका सेकंदाची किंमत फार मोठी ठरते.

तरीही फवारणीच्या सरळ रेषेत जाणारा वेळ एकूण वेळेच्या मानाने थोडाच असतो. अमेरिकेत जमिनीची मोजणी चौकोनी तुकड्यांत झालेली असल्यामुळे १६० एकरांचे चौरस शेत नेहमी आढळते. त्याची बाजू सुमारे ८०० मीटर असते आणि ते अंतर विमान तेरा सेकंदांत कापते. असे अडतीस पट्टे मारावे लागतात, म्हणजे प्रत्यक्ष फवारणी आठ-साडेआठ मिनिटांची होते. प्रत्येक पट्ट्यानंतर मागे वळण्यासाठी मात्र अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त लागते, त्यामुळे वीस मिनिटांहून अधिक वेळ केवळ वळणांत जातो. शेताच्या टोकाशी वैमानिक फवारा बंद करतो, विमान वर खेचतो, आधी वाऱ्याच्या दिशेने थोडे बाहेर वळतो, मग उलट बाजूला मोठे वळण घेऊन पुढच्या पट्ट्याच्या रेषेत येतो आणि पुन्हा खाली उतरतो.

या वळणाचा धोका नीट समजून घेण्यासारखा आहे. विमान तिरपे होऊन वळते तेव्हा पंखांना केवळ त्याचे वजन पेलून भागत नाही, तर त्याला वळवण्याचे बळही पुरवावे लागते. साठ अंश तिरपे होऊन उंची न सोडता वळायचे म्हटले, तर पंखांवरचा भार दुप्पट होतो, आणि ज्या वेगाखाली पंख विमानाला पेलू शकत नाहीत तो किमान वेग सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. टाकी भरलेली असते, उन्हाने हवा तापून विरळ झालेली असते आणि वर चढताना विमानाचा वेग आपोआप घटत असतो. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की वैमानिक ज्याला स्टॉल म्हणतात ती अवस्था येऊ शकते, म्हणजे पंखांचा उठाव अचानक घटतो. प्रवासी विमानाला असे झाले तर सावरायला हजारो फूट उंची हाताशी असते, पण इथे दोनशे फूट असले तरी पुष्कळ. त्यामुळे अनुभवी वैमानिक भरलेल्या टाकीनिशी सुरुवातीची वळणे मुद्दाम सैल घेतात आणि टाकी हलकी होईल तशी ती आवळत नेतात. इंजिन बंद पडले किंवा विमान वर चढेना, तर एक दांडा ओढून टाकीतले सगळे द्रावण काही सेकंदांत खाली सोडून देण्याची सोय असते.

दुसरा मोठा धोका विजेच्या तारांचा आहे. वैमानिकाला तार दिसेल या भरवशावर राहता येत नाही, कारण राखाडी आकाशाच्या किंवा हिरव्या पिकाच्या पार्श्वभूमीवर ती अनेकदा दिसतच नाही. तो खांब शोधतो, खांबावरच्या आडव्या दांड्या कोणत्या दिशेला आहेत ते पाहतो, आणि घराकडे किंवा विहिरीच्या पंपाकडे तार गेलेलीच असणार असे गृहीत धरतो. यासाठी फवारणी सुरू करण्यापूर्वी शेताभोवती वरून एक-दोन पूर्ण फेऱ्या मारून अडथळ्यांची यादी मनात पक्की केली जाते. एवढे करूनही अपघात होतात, आणि त्यांतले काही अनोळखी शेतात झालेले नसतात, कारण तार माहीत असूनही कामाच्या ओघात तिचा विसर पडतो. पवनचक्क्या उभारण्याआधी वाऱ्याचे मोजमाप करण्यासाठी जे बारीक धातूचे मनोरे उभे केले जातात, त्यांनी या धोक्यात भर घातली. अमेरिकेत २०० फुटांहून उंच बांधकामावर खूण आणि दिवे लावण्याची अपेक्षा असते, आणि हे मनोरे त्या मर्यादेच्या जरासे खाली ठेवले जात. जानेवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात अशाच एका मनोऱ्याला धडकून एका फवारणी वैमानिकाचा मृत्यू झाला. पुढे २०१६ मध्ये अमेरिकी संसदेने ग्रामीण भागातील अशा मनोऱ्यांवर खुणा करण्याबाबत कायद्यात तरतूद केली. जो मनोरा एका दिवसात उभा राहतो, त्याची नोंद त्याच दिवशी वैमानिकापर्यंत पोहोचली पाहिजे, ही वैमानिकांची मागणी मला पूर्णपणे रास्त वाटते.

विमानाची रचनाही याच धोक्यांना डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे. सुरुवातीच्या काळात लष्कराने मोडीत काढलेली प्रशिक्षण विमाने घेऊन त्यांतच टाकी बसवली जात असे, आणि अपघातात पुढच्या भागाचा चुराडा होऊन वैमानिक दगावत असे. १९५० मध्ये टेक्सासच्या कृषी महाविद्यालयात फ्रेड वाइक यांनी केवळ या कामासाठी एजी-१ हे विमान तयार केले, तेव्हा वैमानिकाला उंचावर आणि मागे बसवले, त्याच्याभोवती मजबूत पोलादी पिंजरा ठेवला आणि टाकी त्याच्या पुढे आणली. आजची एअर ट्रॅक्टर किंवा थ्रश ही विमाने पाहिली तर तोच विचार दिसतो. नाकाशी टर्बाइन इंजिन, त्यामागे टाकी, त्यामागे उंचावर एकाच माणसाची बैठक, आणि खाली मोठे पंख. धडक बसलीच तर आधी पुढचा भाग चेपतो आणि धक्क्याचा बराचसा जोर तिथेच जिरतो. चाकांच्या दांड्यांवर आणि समोरच्या काचेवर तार कापणारी पाती बसवलेली असतात. शिवाय वैमानिकाच्या बैठकीच्या छतापासून शेपटीच्या टोकापर्यंत एक ताणलेली पोलादी तार असते, जेणेकरून वरून घसरत आलेली तार शेपटीत न अडकता पलीकडे निघून जावी. एअर ट्रॅक्टरच्या सर्वांत मोठ्या नमुन्यात, म्हणजे एटी-८०२ मध्ये, सुमारे ३,००० लिटरची टाकी असते आणि त्याचेच एक रूप जंगलातील वणवे विझवण्यासाठी वापरले जाते.

या व्यवसायाची सुरुवात ३ ऑगस्ट १९२१ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावाजवळ झाली. कॅटाल्पा जातीच्या झाडांच्या एका बागेवर पाने खाणाऱ्या अळ्या पडल्या होत्या. लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी लष्कराच्या कर्टिस जेनी विमानातून तिथे शिसे आणि आर्सेनिक यांच्या संयुगाची भुकटी धुरळली, आणि अळ्या मोठ्या प्रमाणात मेल्या. लवकरच दक्षिणेकडील राज्यांत कापसाची बोंडे पोखरणाऱ्या बोल वीव्हिल या सोंडकिड्यावर कॅल्शियम आर्सेनेटची धुरळणी विमानातून होऊ लागली. हे काम करणाऱ्या हफ डालंड डस्टर्स या कंपनीने १९२५ मध्ये लुइझियानातील मन्रो इथे बस्तान बसवले, १९२८ मध्ये ती नव्या मालकांकडे जाऊन डेल्टा एअर सर्व्हिस झाली, आणि आजची डेल्टा एअरलाइन्स ही प्रवासी विमान कंपनी तिच्यातूनच वाढली आहे. भुकटीचा जमाना पुढे मागे पडला, कारण कोरडी भुकटी वाऱ्याबरोबर फार दूर जाते आणि पानावर नीट चिकटत नाही. तिची जागा द्रव फवाऱ्याने घेतली.

मात्र द्रव फवाराही वाऱ्याने वाहतोच, आणि या वाहून जाण्यावर नियंत्रण ठेवणे हाच वैमानिकाच्या कामाचा गाभा आहे, असे माझे ठाम मत आहे. लोकांना कमी उंचीवरून उडण्याचे धाडस दिसते, पण दिवसाअखेर वैमानिकाचे मोल ठरते ते थेंब कुठे पडला यावरून. थेंबाचा आकार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतात. दहा फुटांवरून सोडलेल्या ४०० मायक्रॉनच्या थेंबाला खाली यायला सुमारे दोन सेकंद लागतात. १०० मायक्रॉनच्या थेंबाला दहा सेकंद लागतात, तर २० मायक्रॉनचा थेंब चार मिनिटांहून अधिक काळ हवेत राहतो. वारा ताशी पाच किलोमीटर इतका मंद असला, तरी तेवढ्या वेळात हा बारीक थेंब तीनशे मीटरहून दूर जाऊ शकतो, आणि वाटेत त्यातले पाणी उडून गेल्याने तो आणखी हलका होत जातो. यावर सगळे थेंब मोठेच का करू नयेत, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर असे की थेंबाचा व्यास दुप्पट केला तर त्यात आठपट द्रावण मावते, म्हणून तेवढ्याच द्रावणाचे थेंब आठपट कमी होतात आणि पानांचा बराच भाग कोरडा राहतो. आत शोषल्या जाणाऱ्या तणनाशकाला मोठे थेंब चालतात, पण ज्या बुरशीनाशकाचा थर पानावर सर्वदूर बसायला हवा, त्याला मध्यम थेंब लागतात. त्यामुळे प्रत्येक औषधासाठी नोझल, दाब आणि वेग यांचे गणित वेगळे मांडावे लागते.

विमानाचा वेग इथे अनपेक्षित रीतीने आड येतो. नोझलमधून बाहेर पडणाऱ्या धारेवर समोरून ताशी सव्वादोनशे किलोमीटरचा वारा आदळला की ती धार फुटून थेंब बारीक होतात. म्हणून विमानावरची नोझल बहुधा मागच्या दिशेला वळवलेली असतात, म्हणजे धार हवेच्या प्रवाहाबरोबरच बाहेर पडते आणि कमी फुटते. तसेच पंखाखालची दाबाची हवा टोकांवरून वर वळते आणि तिथे जोरदार भोवरे तयार होतात. फवारणीची नळी थेट टोकापर्यंत नेली, तर बाहेरच्या नोझलचे थेंब या भोवऱ्यांत सापडून वर फेकले जातात. त्यामुळे ती नळी पंखांच्या लांबीच्या साधारण ७० ते ७५ टक्क्यांपर्यंतच ठेवतात.

हवेबाबतची सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐकायला उलटी वाटते. वारा अगदी पडलेला असेल, तर फवारणी न करणेच योग्य असते. निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते, आणि तिच्यावर उबदार हवेचा थर राहतो. थंड हवा जड असल्यामुळे ती वर जात नाही, आणि वरचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. अशा हवेत सोडलेले बारीक थेंब वर विरूनही जात नाहीत आणि झटकन खालीही बसत नाहीत. त्यांचा ढग जमिनीलगत तरंगत राहतो आणि मंद झुळकेबरोबर उताराच्या दिशेने कितीतरी दूर सरकतो. कापूस आणि द्राक्ष ही पिके २,४-डी या तणनाशकाला इतकी नाजूक आहेत की त्याचा अत्यल्प अंश पोहोचला, तरी पाने आखडून विद्रूप होतात. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास हा धोका सर्वाधिक असतो. अडचण अशी की, फुलोऱ्यातील पिकावर मधमाश्या दिवसा येतात आणि त्यांना वाचवायचे तर कीटकनाशक पहाटे किंवा संध्याकाळीच मारावे लागते. या दोन्ही गोष्टींतून वाट काढण्यासाठी अनेक विमानांत धूर सोडण्याची सोय असते. इंजिनाच्या गरम धुरांड्यात थोडे तेल सोडले की पांढरा धूर निघतो. तो वर जाऊन विरला तर हवा मोकळी आहे, आणि पट्ट्यासारखा पसरून तिथेच लटकत राहिला तर विमान परत न्यायचे. वाऱ्याची दिशा पक्की असणे आणि त्याचा वेग ताशी पाच ते सोळा किलोमीटरच्या दरम्यान असणे, ही साधारण चांगली स्थिती मानली जाते. काम वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे वाहत जातो त्या बाजूच्या कडेपासून सुरू करून वाऱ्याच्या वरच्या, म्हणजे वारा जिकडून येतो त्या दिशेने सरकत नेतात, म्हणजे विमानाला स्वतःच्याच फवाऱ्यातून जावे लागत नाही.

पूर्वी पट्टा चुकू नये म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना निशाण घेतलेली माणसे उभी राहत, आणि प्रत्येक फेरीनंतर मोजून पावले टाकत पुढे सरकत. या माणसांच्या अंगावर दिवसभर औषध पडत असे, आणि या पद्धतीचा तो सर्वांत वाईट भाग होता. आता उपग्रहाच्या साहाय्याने रेषा ठरते. वैमानिकासमोर दिव्यांची एक पट्टी असते, ती रेषेपासून विमान किती डावीकडे वा उजवीकडे गेले ते दाखवते. जमिनीवरचा वेग वाऱ्यामुळे कमी-जास्त झाला, तर पंपाचा प्रवाह त्याप्रमाणे आपोआप बदलतो आणि प्रत्येक फेरीची नोंद जतन होते, जी तक्रार आल्यास पुरावा म्हणून उपयोगी पडते.

सगळे काम विषारी औषधांचेच असते असे मात्र नाही. कॅलिफोर्नियाच्या सॅक्रामेंटो खोऱ्यात भाताची बहुतेक पेरणी विमानाने होते. बियाणे आधी पाण्यात भिजवून फुगवतात, त्यामुळे ते जड होते. पाणी भरलेल्या खाचरांवरून विमान ते पसरते आणि बी सरळ तळाशी जाऊन बसते. न्यूझीलंडच्या डोंगराळ कुरणांवर दुसऱ्या महायुद्धानंतर विमानाने सुपरफॉस्फेट टाकण्याची पद्धत रूढ झाली, कारण त्या उतारांवर ट्रॅक्टर चढणे शक्यच नव्हते.

अमेरिकेत या कामासाठी व्यावसायिक वैमानिकाचा परवाना लागतो आणि त्याला साधारणपणे किमान २५० तासांच्या उड्डाणाची अट असते. त्यावर शेतीउड्डाणाचे वेगळे नियम, ज्ञानाची व कौशल्याची चाचणी, आणि राज्याचा कीटकनाशक वापराचा परवाना असतो. प्रत्यक्षात एवढ्यावर कुणी लाखो डॉलरचे विमान हाती देत नाही. बहुतेक जण एखाद्या फवारणी व्यावसायिकाकडे जमिनीवरच्या कामाने सुरुवात करतात. औषध मोजणे, मिसळणे, इंजिन चालू असतानाच टाकी भरणे, टाक्या धुणे या कामांत त्यांचे एक-दोन हंगाम जातात आणि मगच छोटे विमान हाती येते. हा काळ वाया जात नाही, कारण कोणते औषध कशाबरोबर फाटते, लेबलवर वाऱ्याची मर्यादा काय दिली आहे आणि कोणत्या शेजाऱ्याच्या मधमाश्यांच्या पेट्या कुठे आहेत, हे सगळे तिथेच कळते. लेबलविरुद्ध वापर हा तिथे कायद्याचा भंग ठरतो. औषध मिसळण्याचे काम शक्यतो वैमानिकाने करू नये, असाही दंडक आहे. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशके मज्जासंस्थेतील कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. बाहुल्या आकसतात, दृष्टी धूसर होते, आणि तारांच्या मधून विमान काढणाऱ्या माणसाच्या बाबतीत तेवढी धूसरताही जिवावर बेतू शकते. म्हणून ही औषधे हाताळणाऱ्यांच्या रक्तातील त्या विकराची पातळी वेळोवेळी तपासली जाते.

भारतात असा व्यवसाय रुजला नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९७० च्या दशकात बसंत नावाचे फवारणीचे विमान तयार केले होते, पण ते थोड्याच संख्येत बनले. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारण क्षेत्र १.०८ हेक्टर आहे, आणि वर सांगितलेल्या वेगाने एवढे रान विमान आठ-नऊ सेकंदांत संपवते. शेजारच्या तुकड्यात दुसरे पीक, बांधावर गोठा, मध्ये विहीर, अशा ठिकाणी २१ मीटरचा पट्टा हद्दीत ठेवणे शक्य नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात सरकारी महामंडळाच्या काजूच्या मळ्यांवर सुमारे वीस वर्षे, २००० सालापर्यंत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारले गेले. डोंगर, ओढे आणि घरे एकमेकांत मिसळलेल्या त्या भागातील लोकांच्या आजारांचा प्रश्न देशभर गाजला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली. थेंब कुठे पडणार याचे उत्तर ज्या जागी देता येत नाही, तिथे आकाशातून औषध सोडू नये, असेच मी म्हणेन.

जमिनीवरून केलेली फवारणी आपोआप सुरक्षित ठरत नाही, हे यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये पाहिले. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा विषबाधेने मृत्यू झाला आणि शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. फवाऱ्याच्या ढगातून माणसाला बाहेर काढणे हे ड्रोनचे आपल्याकडील सर्वांत मोठे आकर्षण त्यामुळेच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनंतर आणि बचत गटांतील महिलांना ड्रोन देणाऱ्या केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेनंतर ही यंत्रे गावागावांत दिसू लागली आहेत. साधारण दहा लिटरची टाकी असलेला ड्रोन पिकावरून दोन-तीन मीटर उंचीवरून हळू जातो, आणि त्याच्या पंख्यांचा झोत थेंबांना खाली ढकलतो. मात्र एकरी पाणी कमी असल्याने द्रावण तीव्र असते आणि थेंबही बारीक ठेवले जातात. त्यामुळे शांत पहाटेचा तो अडकलेला थर, वाऱ्याची दिशा आणि बांधापलीकडचे पीक हे तिन्ही प्रश्न ड्रोन चालवणाऱ्यापुढेही तसेच उभे असतात. शिवाय मोठ्या विमानाचा वैमानिक पुढच्या क्षणी तिथून निघून गेलेला असतो, तर ड्रोन चालवणारी व्यक्ती सगळा वेळ त्याच शेताच्या कडेला उभी असते. तिने काम सुरू होण्यापूर्वीच वाऱ्याच्या वरची बाजू धरली पाहिजे, मास्क व हातमोजे घातले पाहिजेत, आणि वारा फिरला तर ड्रोन खाली उतरवून जागा बदलली पाहिजे.